माघारकरांची सकाळची बेल

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त भूगोल-मास्तर मतं इतक्या वेळा बदलत, की मी त्यांचं आडनावच माघारकर करून टाकलं होतं. सकाळी ऐन चहाच्या वेळी बेल वाजे. दारात मास्तर. "कालचं माझं म्हणणं चुकलं. मागे घेतो," एवढं सांगून जिना उतरू लागत. दूधवाला निदान दूध तरी देतो.

गच्चीवर सोलर बसवायला सगळ्यात मोठा विरोध त्यांचा. मग कुठल्या कुठल्या सोसायट्यांच्या गच्च्या चढून आले आणि भर सभेत म्हणाले, "मी न बघता बोललो होतो." सत्तरीच्या माणसाने चारचौघांत असं बोलावं? मलाच लाज वाटली. या माणसाला कणा नाही, हे माझं मत होतं आणि ते मी बदललं नाही.

माझ्या मुलाने, निखिलने, आयटीतली नोकरी सोडून कर्वेनगरात सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा मात्र ते माझ्या बाजूने होते. "बोलूच नका त्याच्याशी. येईल ताळ्यावर," म्हणाले. मला पटलेलं त्यांचं हे एकच मत. निखिलला मी सांगून टाकलं, या घरात पाय ठेवू नकोस.

महिन्याभराने बेल वाजली. "अहो, दुकान बघून आलो. तीन तास बसलो होतो. मन लावून काम करतो हो तो. माझा सल्ला मागे घेतो. आपणही एकदा बघून या."

"तुमचं पहिलं मत मी ठेवून घेतलंय," मी म्हणालो आणि दार लावलं. या उत्तरावर मी बरेच दिवस खूश होतो.

त्यानंतर दर सोमवारी ते तेच सांगायला येत. तीन वर्षं. मी कधी दार उघडलं, कधी नाही. एरवी रोज माघार घेणारा माणूस याच एका गोष्टीवर अडून बसला होता.

गेल्या महिन्यात मास्तर वारले. पुढच्या सोमवारी चहा गार होईपर्यंत मी दाराकडे बघत बसलो. स्वतःचाच राग आला. उठलो आणि कर्वेनगर गाठलं.

निखिल चाक उघडून बसला होता. हात काळे. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून त्या बिनकण्याच्या माणसाचंच वाक्य आलं. "मी न बघता बोललो होतो."

त्याने चाक बाजूला ठेवलं. मग पान्याने कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं.

"बसा, बाबा. मास्तर तिथेच बसायचे."