आडवं किती, उभं किती

वर बघितल्याशिवाय सर कुठंच आत शिरत नसत. वर्गाच्या दारात थांबायचे, मान वर करून पंख्याकडं बघायचे, टेबल दोन फूट बाजूला सरकवायचे आणि मग खडू उचलायचे. चहाच्या हॉटेलात गेले तरी तेच. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात नव्यानं आलेल्या पोरांना याचं हसू यायचं. मलाही यायचं. आता येत नाही.

त्यांचं खरं नाव फक्त नोटीस बोर्डावर दिसायचं. आमच्यासाठी ते ‘आडवं-उभं सर’. फिजिक्समध्ये बलाचे घटक पाडायला शिकवतात. तिरक्या ओढीतला आडवा वाटा किती आणि उभा किती, ते वेगळं काढायचं, एवढंच. बाकीचे प्राध्यापक दोन तासांत उरकायचे. सर तीन आठवडे घ्यायचे. भिंतीवरच्या दोन खिळ्यांवरून सुतळी टाकायचे, मधोमध वजन अडकवायचे आणि सुतळीची टोकं हळूहळू ओढायचे. सुतळी सरळ होत आली की त्यांचा आवाज खाली जायचा. “वजन तेवढंच आहे. पण ते पेलतो उभा वाटा. सुतळी आडवी होईल तसा तो आटत जातो. मग तेवढंच वजन पेलायला ओढ वाढते. दुप्पट, पाचपट, दहापट...” इथं सुतळी तुटायची. वजन धाडकन टेबलावर आदळायचं. मागच्या बाकावरची पोरं टाळ्या वाजवायची. टाळ्या थांबेपर्यंत सर खिडकीबाहेर बघत राहायचे.

“मधे लोंबणारा झोळ गबाळा दिसतो,” ते म्हणायचे, “पण असू द्यावा. झोळ आहे तोवर माणूस आहे.” हे आम्हाला जरा जास्तच वाटायचं. त्यांच्या डाव्या तळहातावर एक आडवा, चकचकीत वण होता. कुणी विचारलंच तर “दोर गेला हातातून” एवढं बोलून फळ्याकडं वळायचे.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी छाती पुढं काढून सांगतो, आणि का सांगू नये? कुंभारीहून रोज बसनं यायचो. सर मला गावाच्याच नावानं हाक मारायचे. “कुंभारी, आडवं किती, उभं किती? तोंडी सांग.” मी फाडकन सांगायचो. त्या प्रकरणाच्या चाचणीत पैकीच्या पैकी मला एकट्यालाच मिळाले. घरी कळल्यावर तात्या, म्हणजे माझा धाकटा चुलता, म्हणाला, “तुज्या सरास्नी हुरडा खायला आन की. बगू तरी कसला मानूस हाय.” बारावीनंतर आप्पा, म्हणजे माझे वडील, मला शेतात घालणार होते. तेव्हा आडवा आला होता तो हाच तात्या. “त्याच्या वाटचं काम मी करतो की. पोरगं शिकू द्या,” म्हणाला होता.

सर आले. आगटी पेटली होती, कणसं भाजत होती, पण ते आधी रानात चक्कर मारायला गेले आणि विहिरीपाशी थांबले ते हलेनात. विहिरीवर या काठच्या लिंबापासून त्या काठच्या लोखंडी खांबापर्यंत आडवी तार होती. तारेला मधोमध दोर आणि दोराला पाण्याची मोटर. पाणी खाली गेलं, मोटर गाळाला टेकायला लागली, की तात्या खांबाकडून तार ताणून तिला वर घ्यायचा.

“हा झोळ कुणी काढला?” सरांनी विचारलं.

“म्या!” तात्या खूष झाला. “बगा की, कशी हाय. काठी ठेवल्यावानी.” त्यानं तार बोटानं छेडली. ती बारीक, लांब आवाजात गुणगुणली. तात्यानं मोबाईल काढून तो आवाज रेकॉर्ड केला आणि स्टेटसला ठेवला.

सर माझ्याकडं वळले. “कुंभारी, मोटर साठ किलो. कोन पाच अंश धर. तारेत ओढ किती?”

मी डोळे मिटले, उघडले. “साडेतीनशे किलोच्या आसपास, सर. जवळजवळ सहापट.”

“ऐकलंत का?” तात्या आप्पांना म्हणाला. “तोंडी! कागुद न्हाय, पेन न्हाय!”

“उत्तर बरोबर आहे,” सर म्हणाले. “आता पाना आण.”

मला वाटलं, गंमत करतायत. “सर, हुरडा गार होतोय. उद्या करतो.”

“मोटर वर घ्यायची तर खालचा दोर आखूड करा. तार सैल सोडा. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“सर, तीन वर्सं झाली ह्या तारंला,” तात्या हसला. “काय बी हुत न्हाय. चला, गूळ-खोबरं वाळाया लागलंय.”

सरांनी हुरड्याचे चार दाणे तोंडात टाकले. सगळा वेळ त्यांची पाठ आगटीकडं आणि तोंड विहिरीकडं होतं. निघताना मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, “उद्याच.”

उद्या झाला. परवा झाला. दर रविवारी मी विहिरीवरून जायचो. तार सरळ असायची. मी मनात गणित करायचो, तेच उत्तर यायचं आणि मला बरं वाटायचं. आज सांगतानाही लाज वाटते, पण खरं आहे: उत्तर आलं की काम झालं, असंच मला वाटायचं.

चैत्रात पाणी तळाला गेलं. तात्यानं तार आणखी एक पीळ ताणली आणि गाळ काढायला स्वतः खाली उतरला. वर मोटर, खाली तात्या. मी प्रॅक्टिकलला होतो. फोनवर आप्पा नुसतं “तार... तार...” करत होते. तरी मला कळलं.

तात्या वाचला. कंबरेखाली जीव उरला नाही.

दवाखान्याच्या जिन्यात सर भेटले. ‘सांगितलं होतं’ असं म्हणतील म्हणून मी आधीच बोललो, “सर, गणित बरोबर होतं माझं.”

“माझंही होतं,” ते म्हणाले. डावा तळहात उघडून बघत राहिले. “माझा थोरला भाऊ होता खाली.”

पुढं मी एम.एस्सी. झालो आणि आता तेच प्रकरण शिकवतो. तीन आठवडे घेतो. तात्या ओसरीवरच्या खाटेवरून अजून विचारतो, “आज कुणाची सुतळी तोडली, मास्तर?” ते तारेचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. मी लावत नाही.

यंदा मे महिन्यात सर गेले. तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. गल्लीत मांडव घातला होता. मी कडेला थांबलो, मान वर केली. दोन खांबांमध्ये दोर ताणलेला, दोराला मधोमध मोठा पंखा, खाली सतरंजीवर बायका आणि त्यांच्यात सरांच्या पत्नी.

मांडववाला माझ्या नजरेकडं बघून म्हणाला, “लई सरळ बांदलंय, सर. जरा बी झोळ न्हाय.”

मी मनात गणित केलं. उत्तर बरोबर आलं. क्षणभर तसंच, पूर्वीसारखं, बरंही वाटलं.

मग मी शिडी मागितली.