सणाआधीची कैरी

आलापल्लीत दीपालीचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची ऑर्डर नसली की ती स्कूटीनं माडिया आदिवासींच्या पाड्यांवर जायची आणि लोकांचे नकळत फोटो काढायची. माणूस कामात असला की खरा दिसतो, असं तिचं म्हणणं.

यंदा तिनं एका पाड्यावरचे फोटो छापून तिथं नेले आणि गोटुलासमोर, म्हणजे गावच्या सामाईक घरासमोर, वाटायला काढले. चिडवाचिडवी सुरू झाली. "झिंगूभाऊ तं नवरदेवच दिसून राह्यला!" मग बुधरीचा फोटो हातोहात फिरत झिंगूकडे आला आणि तिथंच थांबला. सरपणाची मोळी टेकवून बसलेली बुधरी त्यात कैरी खात होती. मागं मोहफुलांचा सडा होता, म्हणजे मरका पंडुमच्या आधीचीच गोष्ट. त्या सणात देवाला नवा आंबा वाहिल्याशिवाय इथं कुणी कैरी तोंडाला लावत नाही.

गावचा पुजारी झिंगूच. त्यानं विचारलं, "बाई, हा फोटो कधीचा?"

दीपालीही देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवत नसे. देवाच्या बाबतीत खोटं कसं बोलायचं? आणि खरं सांगितलं तर बुधरीचं काय?

"तिले काऊन विचारता?" बुधरीच बोलली. "आधीचाच हाय. भूक लागली होती. देवाले कोंबडं देईन मी."

"अन् गावावर काई आलं तं?" एक म्हातारी म्हणाली.

दीपालीनं तो फोटो बुधरीपुढं धरला. बुधरीनं हातही लावला नाही.

"तूच ठेव बाई. तुलेच असे न सांगता काढलेले फोटो आवडते न."