अर्धं रंगलेलं डोकं

आमच्या परळच्या चाळीत जाईबाई केस काळे करायची, स्वतःचे आणि दुसऱ्यांचेही. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली बाई केस रंगवते म्हणून नळावर बायका नाकं मुरडायच्या. नाकं मुरडायला काय लागतं! जाईबाईला नटायची हौस नव्हती. ती मिलमध्ये वायंडिंग खात्यात बॉबिनवर सूत भरायची आणि घरात तिच्या एकटीच्या पगारावर आंधळी सासू जगत होती. मिलच्या कागदावर तिचं वय होतं चाळीस, खरं बावन्न. नवी मशिनं येणार, बायका कमी होणार आणि म्हाताऱ्या आधी जाणार, हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं.

तिचं काम दोन दिवसांचं असायचं. पहिल्या दिवशी लोखंडी कढईत आवळकाठी घालून भिजवलेली मेंदी. मेंदी काळ्या केसाला काही करत नाही, पांढरा तेवढा लालभडक करते. दुसऱ्या दिवशी त्या लालावर निळीच्या पाल्याची पूड कालवून लावायची, मग केस काळा होतो. ही पूड कालवली की लगेच संपवावी लागते.

छप्पनच्या जानेवारीत मोठा साहेब बायकांची पाहणी करणार असं कळलं. शनिवारी जाईबाईने स्वतःला आणि खात्यातल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीला, राधाबाईला, मेंदी लावली. रविवारी नीळ काढली तर एकाच डोक्यापुरती.

"आधी माझे कर गो," राधाबाई म्हणाली. "मी नायकीण. मी ऱ्हवलंय तर तुमका सांभाळीन."

जाईबाईने सगळी नीळ तिच्या डोक्यावर घातली. स्वतःसाठी सोमवारी कामावरून येताना आणू म्हणाली. दुसऱ्याच्या शब्दावर एवढी भाबडी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

सोमवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली: मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीच्या ताब्यात. रस्ते माणसांनी भरले, दुकानांच्या फळ्या लागल्या. मग अश्रुधूर, गोळीबार, संचारबंदी. आमच्या मागच्या चाळीतला वसंत दूध आणायला गेला तो परत आलाच नाही. अशा दिवसांत नीळ कुठे मिळते म्हणून कोणाला विचारायचं? जाईबाईला त्याचीच लाज वाटत होती. नीळ विकणारा काष्ठौषधीवाला दुकान बंद करून भुलेश्वरला भावाकडे निघून गेला होता. तिने काजळ चोपडून पाहिलं, ते सगळं पदराला लागलं.

मिल उघडली त्याच दिवशी साहेब आला. बायका रांगेत उभ्या. जाईबाई डोक्यावरून पदर घट्ट ओढून शेवटी उभी होती.

"पल्लू नीचे करो," साहेब म्हणाला.

मेंदी लावली नसती तर निम्मं डोकं नुसतं पांढरं दिसलं असतं. आता ते लालभडक दिसत होतं. बाकीच्या बायका हसल्या. साहेबाने नायकिणीला विचारलं, "उमर कितना इसका?"

राधाबाईने फक्त 'चाळीस' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती काळ्याभोर केसांचा अंबाडा घेऊन जमिनीकडे बघत राहिली. साहेबाने नाव कापलं.

त्या संध्याकाळी माझ्या आईने राधाबाईचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. जाईबाई भिंतीला टेकून ऐकत होती. "तिची चूक नाय गो," ती म्हणाली. "तिना तोंड उघडल्यान असता तर सायबान तिच्याच डोक्याकडे बघल्यान असता."

असेलही. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला ते पटलं नाही. आज सत्तरी उलटली, राधाबाई कधीच वारली, तरी पटत नाही.

दुसऱ्या दिवशी सातचा भोंगा झाला. जाईबाईने सासूपुढे चहा ठेवला. "कामार जातंय," म्हणाली.

"जा गो, उशीर नको करू," म्हातारीने सांगितलं.

जाईबाई बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि शेजारी आमच्या खोलीत येऊन बसली. खातं सुटायच्या वेळेपर्यंत ती तिथेच बसून होती.