उसवलेली बाही

फोनवर व्हिडिओ चालू असताना कुणी बोलायचं नाही, हा वन्संचा नियम. आणि तो सगळ्यांत जास्त वेळा मोडतात त्या वन्संच. "हात जरा डावीकडे घे गं, सावली पडतेय!" की गेला तो तुकडा वाया. मग पुन्हा पहिल्यापासून. काकू सुई खाली ठेवतात आणि ही बाई आपल्या नवऱ्याची थोरली बहीण आहे, हे स्वतःला बजावतात.

काकू म्हणजे रफूवाल्या काकू. सगळा रस्ता त्यांना याच नावाने ओळखतो. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारची खोली, रस्त्याकडे एकच मोठी खिडकी, खिडकीपाशी उंच टेबल आणि टेबलावर वाकलेल्या काकू. कापडाला भोक पडलं, की त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून दोरे काढायचे आणि त्याच दोऱ्यांनी ते विणून बुजवायचं. इतकं बेमालूम, की मालकालाही जागा सापडू नये. हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. सासरे गेले, पुढे नवरा गेला, आणि उरल्या या दोघी, नणंद आणि भावजय. वन्संनी लग्न केलं नाही. जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात लोकांचे फोन जोडून दिले, आणि निवृत्त झाल्यावर रिकामं बसवेना म्हणून भावजयीच्या हातांवर फोन रोखला.

खरं सांगायचं तर त्या फोननेच दुकान तारलं. हल्ली रफू करून घेतं कोण? भोक पडलं की लोक कपडा टाकून मोकळे होतात. पण वन्संचे ते छोटेछोटे व्हिडिओ कुठल्या कुठे पोचले आणि लांबलांबहून पार्सलं यायला लागली. रस्त्यावरचं गिऱ्हाईक आता नावापुरतं. दुकान चालतं पार्सलांवर, पार्सलं येतात व्हिडिओंवर, आणि व्हिडिओ चालतात जावईबापूंच्या मर्जीवर.

जावईबापू हे नाव वन्संनीच ठेवलेलं. कुठला व्हिडिओ कुणाला दाखवायचा आणि कुठला अडगळीत फेकायचा, हे त्या ॲपच्या पोटात बसून जे काही ठरवतं ना, ते जावईबापू. "काय हवंय ते सांगणार नाहीत," वन्सं म्हणायच्या, "आणि नाही आवडलं तर ताटावरून उठून जाणार." आधी त्यांना शांतता आवडायची, नुसती सुई आणि दोरा. मग गाणी हवी झाली. गाणी लावली, तर म्हणे बोलणारी माणसं हवीत. काकूंना बोलायला बसवलं, तर त्या पोलिसांत जबाब दिल्यासारख्या बोलल्या. मग व्हिडिओ लांब हवे झाले, ते लांब केले तोवर पुन्हा आखूड. दर वेळी वन्सं चष्मा पुसायच्या, दुसऱ्यांचं काय चाललंय ते बारकाईने बघायच्या आणि जमवून घ्यायच्या.

या खेपेला मात्र काही केल्या जमेना. व्हिडिओ टाकला की जागच्या जागी बसायचा. पार्सलं आटली. टेबलाच्या ज्या कोपऱ्यात कपड्यांचा ढीग असायचा, तिथे वन्सं हनुवटीला हात लावून बसायला लागल्या. असंच चाललं तर खोली सोडावी लागेल, हे दोघींनाही कळत होतं आणि दोघीही तोंडातून काढत नव्हत्या.

"पहिल्या क्षणालाच माणसाला धरायला हवं," शेवटी वन्संनी निदान केलं. "अंगठा पुढे सरकायच्या आत. तो गालिचे धुणारा बघ, आधी चिखलच दाखवतो. आणि तुझं काम इतकं नाजूक, की मुळात भोक होतं हेच कुणाला कळत नाही. मला काहीतरी कुरूप दे, वहिनी. बघवणार नाही असं काहीतरी दे."

आणि नेमका तेव्हाच तो कोट आला.

करड्या लोकरीचा, बायकी बेताचा. घेऊन आली ती एक नर्स होती, ड्यूटीवर निघालेली, एक पाय दुकानात आणि एक रस्त्यावर. "आईचा आहे," ती म्हणाली. "कोपराला कसर लागलीय, तेवढं करा." काकूंनी सवयीने कोट उलटासुलटा केला आणि उजव्या बाहीवर त्यांचं बोट अडखळलं. मनगटापाशी कुणीतरी एक भोक शिवलं होतं. शिवलं कसलं, आवळून टाकलं होतं. करड्या कापडावर जाड निळा दोरा, एक टाका पूर्वेला तर दुसरा पश्चिमेला, आणि वर गाठींचा हा एवढा गोळा.

"अगं बाई, हे कुणी केलं?"

"ते असू द्या. कोपराचंच बघा," नर्स म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती गेलीसुद्धा.

असू द्या! हे वाक्य काकूंनी आयुष्यभर ऐकलं होतं. जास्त काम म्हणजे जास्त खर्च, म्हणून भिडेपोटी म्हणतात लोक. न सांगता करून दिलं की त्याच माणसांचे चेहरे कसे खुलतात, तेही त्यांनी पाहिलं होतं. आणि खोटं कशाला बोला, ते टाके बघून त्यांचे हात शिवशिवत होते. असलं शिवण समोर असलं की त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. वन्संना तर घबाड सापडल्यासारखं झालं. "शी! बघवत नाही गं! हेच, हेच हवं होतं मला!"

मग काय, कात्रीचं टोक निळ्या दोऱ्याखाली शिरलं, आणि व्हिडिओची सुरुवात तिथूनच झाली. वन्संनी एकेक टाका उसवताना जवळून टिपला. मग काकूंनी कोपराची कसर बुजवली, मनगटाच्या भोकाच्या विस्कटलेल्या कडा साफ केल्या, आतल्या शिवणीतून करडे दोरे काढले आणि अशी बाही विणली, की त्यांनाच स्वतःचं कौतुक वाटलं. इतकं देखणं काम त्यांच्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

जावईबापू प्रसन्न झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं फोन नाचवतच दुकानात शिरल्या. "धावतोय गं, धावतोय! नुसता उधळलाय!" खाली लोकांच्या शेऱ्यांचा पाऊस पडत होता. कुठल्या आंधळ्याने शिवलं होतं हे? पायाने शिवलं का? हसून हसून पोट दुखलं. काकूही हसल्या. किती दिवसांनी त्या दुकानात कुणीतरी हसत होतं.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. नर्स बोलत होती. "काकू, आज ड्यूटी संपली की कोट न्यायला येते. आणि त्या दिवशी घाईत नीट सांगितलं नाही मी. बाहीच्या निळ्या टाक्यांना हात नाही ना लावलात? आई गेल्यावर तिचं सगळं देऊन टाकलं मी. हा कोट तेवढा ठेवलाय, तो त्या टाक्यांसाठी."

काकूंनी खरं बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. "नाही हो," त्या म्हणाल्या. "नाही लावला."

फोन ठेवताच त्या वळल्या. "वन्सं, तो व्हिडिओ काढा. आत्ताच्या आत्ता."

"काढू? शुद्धीवर आहेस ना? धावता व्हिडिओ मागे घेतला तर जावईबापू पुन्हा आपलं तोंड बघणार नाहीत."

"ती बघेल ना तो!"

"नर्स आहे ती. तिला कुठला वेळ?"

इतक्यात दारातून शेजारचा छत्रीवाला डोकावला. "काकू, काय व्हिडिओ टाकलाय! बायकोला तिच्या बहिणीने पाठवला. तो कोट, अगं आई गं!" आणि हसत हसत निघून गेला. वन्संचा चेहरा उतरला. छत्रीवाल्याच्या मेहुणीपर्यंत पोचलेली गोष्ट दवाखान्यात पोचायला कितीसा वेळ लागणार?

काकूंनी कचऱ्याची पिशवी जमिनीवर उलटी केली. धुळीत, चिंध्यांत, केसांत हात घालून निळा दोरा शोधला. सापडला, वळणावळणाचा, जुन्या टाक्यांचा आकार धरून बसलेला. पण दोरा मिळून काय उपयोग? ते टाके कसे होते? काकूंना एकही आठवेना. उसवताना माणूस बघतो कुठे, ते तर नकोच असतं.

"थांब," वन्सं एकदम म्हणाल्या. "अख्खं उसवणं आहे माझ्याकडे. एक टाका सोडलेला नाही. ते उलटं चालवते."

त्यांनी फोन सुईच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर मोकळा दोरा सरपटत बाहीत शिरायला लागला, गाठी आपोआप बसायला लागल्या. काकू बघत राहिल्या. मग त्यांनी कात्री उचलली आणि आदल्या दिवशीचं आपलं ते देखणं काम कापून टाकलं. भोक पुन्हा उघडं पडलं, आधीपेक्षा थोडं मोठंच.

एक टाका बघायचा, फोन थांबवायचा, तोच टाका घालायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण काकूंचा हात वाकडा जाईल तर शपथ! इतक्या वर्षांचं वळण. मन म्हणायचं तिरका, आणि सुई निघायची सरळ. "वाकडं, वहिनी, वाकडं!" वन्सं मागून कुजबुजायच्या. काकूंनी घातलेले टाके काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. मान भरून आली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. एक टाका इतका ओढून घेतलेला की कापडाला चुणी पडलेली, पुढचा अगदी सैल. एकावर एक किती गाठी मारलेल्या! सुटू नये म्हणून केवढी ती धास्ती. नजर अधू झाली असेल बिचाऱ्या आईची, काकूंना वाटलं. शेवटची गाठ त्यांनी बसवली, तेव्हा खिडकीतला उजेड टेबलावरून उतरला होता.

आणि ती आलीच. कोट अंगात घातला, कोपर वाकवून बघितलं, मान डोलावली. मग बाही डोळ्यांजवळ घेतली. नर्सने गाठींवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, आणि हसली.

"तुमच्या हातात एवढी कला," ती म्हणाली. "हे बघून त्रास झाला असेल तुम्हाला. तरी तसंच ठेवलंत. दुसऱ्या कुणी ऐकलं नसतं हो माझं."

बस्स, तिथे काकूंचा धीर सुटला. ती चिडली असती तर कदाचित त्या गप्प राहिल्या असत्या. पण हे आभार त्यांना सोसवेनात.

"मी उसवलं ते," त्या म्हणाल्या. "सकाळी खोटं बोलले तुझ्याशी. हे आत्ताचे टाके माझे आहेत. बघून बघून घातलेत."

"बघून म्हणजे?" नर्सने विचारलं. वन्संनी मुकाट्याने फोन पुढे केला. तिने व्हिडिओ पाहिला. मग खालचे शेरे वाचायला लागली. अंगठा सरकत होता, आणि शेरे संपतच नव्हते. काकूंना वाटलं, पुढे होऊन तो फोन हिसकावून घ्यावा.

"तुझ्या आईला लोक असं बोलले, माझ्यामुळे," काकू म्हणाल्या. "मला माफ कर गं."

"आईने नाही शिवलं हे. मी शिवलंय," ती म्हणाली. "पहिलीत होते. ती तापाने झोपली होती आणि सकाळी तिला हाच कोट घालून कामावर जायचं होतं. उठली, बघितलं, आणि घालून गेली. नंतर नवा कोट घेणं जमत होतं, पण हाच घालायची. तिथे बायका हसायच्या तिला. ती बाही पुढे करून सांगायची, लेकीने शिवलंय माझ्या."

वन्संनी फोन परत घेतला. बोट क्षणभर पडद्यावर थबकलं. मग त्यांनी तो व्हिडिओ पुसून टाकला, आणि जावईबापूंचं नावही काढलं नाही.

नर्सने कोट उतरवून टेबलावर ठेवला. "हे टाके काढा, काकू. भोक बुजवू नका."

काकूंनी कात्री घेतली. या खेपेला त्यांनी दोरा कुठेही तुटू दिला नाही. गाठी सोडवल्या, एकेक टाका मोकळा केला आणि दोरा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो बोटाला गुंडाळला आणि मूठ मिटली.

"तू घाल ना पुन्हा," काकूंनी कशीबशी हिंमत केली. "सुई देते मी. इथेच बस. दोरा तोच आहे, कापड तेच आहे."

ती सुईकडे बघत राहिली. दवाखान्यात रोज कुणाकुणाच्या जखमा शिवणारी ती, तिला सुईची काय भीती असणार! पण तिने मान हलवली.

"तसं नाही यायचं, काकू," ती म्हणाली. "आता माझाही हात सरळच जातो."