फ्लॅशचा लाल दिवा

धारवाडच्या लग्नांत फोटो काढून काढून प्रभंजन जमखंडीकर पार थकले होते. २००३ साली त्यांचा फ्लॅश जळला, तेव्हा ते हुबळीच्या दुकानात गेले. कॅमेऱ्याच्याच कंपनीचा फ्लॅश परवडणारा नव्हता. दुकानदारानं दुसऱ्या कंपन्यांचे तीन स्वस्त फ्लॅश पुढं मांडले. जमखंडीकर एकेक मारून बघत आणि पुढच्या फोटोसाठी तो तयार झाल्याचा लाल दिवा लागेपर्यंत मंगलाष्टकाची शेवटची ओळ पुटपुटत. पहिल्या दोन फ्लॅशना ओळ पुरेना. तिसऱ्याचा दिवा नेमका ‘सावधान’ला लागला.

“अण्णा, कंपनीचा घ्या की, लगेच लागतोय,” दुकानदार म्हणाला.

“भटजी सावकाश म्हणतील! बांध हाच,” जमखंडीकर वैतागून म्हणाले.

पाच वर्षांनी त्यांच्या लेकीचं, नेत्राचं लग्न झालं. फोटोला दुसरा माणूस होता. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट सरला, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. जमखंडीकरांची मूठ मात्र वरच राहिली. त्यांची नजर त्या माणसाच्या फ्लॅशवर होती आणि दिवा अजून लागला नव्हता. तो लागल्यावर त्यांनी अक्षता टाकल्या आणि वळून बघितलं, तर लेकीचा हार घालून झाला होता.