थव्यात पडलेला दगड

या ग्रुपवर असले भुताखेताचे अनुभव वाचून मी आजवर खाली कमेंटमध्ये टिंगलच केली आहे. आता माझी पाळी. माकड असेल, कुणी टवाळ असेल, भास झाला असेल... हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय, तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका.

मी रत्नागिरीचा. नोकरी सांभाळून पक्ष्यांचे फोटो काढतो. हातखंब्याच्या अलीकडे, कातळावर एक लहानसं धरण आहे. थंडीत तिथे अडया असतात — शीळ घालणारी तपकिरी रानबदकं. जागा दाखवली समोरच्या घरातल्या दत्ताकाकांनी. जन्म बोटीवर काढलेला माणूस; रिटायर झाल्यावर रोज सकाळी स्कूटर काढून तिथे जाऊन बसायचे. कॅमेरा नाही, काही नाही. थवा आपणहून उठायची वाट बघायची, एवढंच. मी चुळबुळ केली की म्हणायचे, "उडायची तेवा उडतील. त्यांना घाई नाय, तुला कसली रे?"

मला होती. स्पर्धेची तारीख जवळ आली होती आणि मला फ्लाइट शॉट हवा होता. एका सकाळी काकांच्या देखत मी दगड भिरकावला. आम्हा फोटोवाल्यांत हे सर्रास चालतं, कबूल कुणी करत नाही. थवा उठला, फोटो मिळाला, बक्षीसही मिळालं. काका माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. समोरासमोर दारं, तरी दोन वर्षं नाही. एका दगडापायी! गेल्या पावसाळ्यात ते वारले, तेव्हा खांदा द्यायला पुढे झालो तर त्यांच्या भावाने मला बाजूला केलं. तो राग अजून आहे माझ्या मनात.

यंदा थंडीत काकी स्वतः दारात आल्या. "हे रोज बोलवायचे, चल म्हणून. माझी चूल, माझे देव... कधी गेलेच नाय. एकदा मला दाखव, ती आपली आपण कशी उठतात." आणि परत वळता वळता, "दगड नको हां मारूस." मला भरून आलं. वाटलं, माफ केलं म्हणायचं हिने.

सकाळी साडेसहाला आम्ही बांधावर. मागे उघडा कातळ, आडोशाला एक झुडूप नाही. पाण्यात तीसेक अडया. काकी माझ्यापुढे दोन हात अंतरावर बसलेल्या, मी उभा, कॅमेरा डोळ्याला. तासभर काही नाही. मग एकीने मान उंच केली, दुसरीने केली... काकी पुटपुटल्या, "आता, आता..." मी बटण दाबून धरलं.

आणि माझ्या कानाजवळून काहीतरी सूं करत गेलं. थव्याच्या मधोमध दगड पडला.

अडया घाबरून, कलकलाट करत उठल्या. मी गर्रकन मागे वळलो — कोणी नाही. लांबपर्यंत नुसता कातळ. काकीही वळल्या. त्यांना फक्त मी दिसलो.

"काकी, मी नाही हो! हात बघा माझे, कॅमेरा..."

"तुला धीर नाय निघाला, ना?" आवाजसुद्धा चढवला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हायवेपर्यंत एकट्या चालत गेल्या आणि रिक्षा केली.

घरी फ्रेम्स बघितल्या. तिसऱ्या फ्रेममध्ये दगड हवेत आहे, लाल जांभ्याचा. पुढच्यामागच्या एकाही फ्रेममध्ये कॅमेरा हललेला नाही. ती लेन्स एका हाताने पेलतच नाही हो, मग दगड मारणार कुठल्या हाताने! मोबाईलवर काकींना दाखवायला गेलो. त्यांनी दगडावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि मोबाईल परत दिला.

काकांनी केलं म्हणावं, तर तो माणूस मेल्यावरही पाखरांना दगड मारणार नाही. मग कोणी? फोटो मात्र असा आलाय की तसा माझ्या हातून आजवर निघाला नव्हता. डिलीट करवत नाही, दाखवताही येत नाही.

परवा बाजारात काकी भेटल्या. बायकोची, मुलांची चौकशी केली, मासळी घेतली आणि गेल्या. दगड कोणी टाकला, ते मला आजही माहीत नाही. काकींना माहीत आहे.