बाईंचा पियानो उशिरा वाजतो

शाळेतल्या संगीताच्या बाईंचा पियानो जुन्या लॅपटॉपमध्ये होता. लॅपटॉपला जोडलेल्या पियानोच्या कीबोर्डवर वाजवला की तो करकरायचा. बफर, म्हणजे आवाज साठवून सोडायची मुदत, वाढवली की करकर थांबे, पण सूर बोटामागून रेंगाळत येई. म्हणून बाई आठवडाभर प्रत्येक पट्टी जराशी आधीच दाबत होत्या, आणि त्यांचा हात बघून गाणाऱ्या मुली ठेका सोडून पळत सुटत होत्या.

तालमीत मुख्याध्यापक वैतागले. "बाई, उद्या कार्यक्रमात रेकॉर्डिंगच लावू. हट्ट पुरे."

"मुलींचा श्वास पुरला नाही, तर रेकॉर्डिंग थांबेल का, सर? मी थांबते."

बाईंनी लॅपटॉपचं इंटरनेट तोडलं. मग हौसेनं त्यात चढवलेली साथीची व्हायोलिनं एका झटक्यात काढून टाकली. लॅपटॉपवरचा सगळा भार त्या व्हायोलिनांचाच होता. बफर खाली आणला.

"व्हायोलिनांशिवाय ओकंबोकं वाटेल हो!" मुख्याध्यापक म्हणाले.

"मुली आहेत ना भरायला."

बाईंनी पट्टी दाबली. सूर त्याच क्षणी उमटला, स्वच्छ.

"चला गं, पहिल्यापासून. आता कुणी पळायचं नाही. आणि सर, बसायचं तर बसा. जायचं तर दार लावून जा."